गिअरपेटीची उलटी चौकट

मला ऑस्ट्रेलियात पहिली खरी नोकरी मिळाली ती एका रणगाड्यामुळे. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलोय. गणपतीच्या जेवणात, पॉइंट कुकमधल्या कुणाच्या तरी वास्तुशांतीत, नव्याने आलेल्या एखाद्या मुलाला धीर द्यायला. लोक हसतात, पूर्ण सांगा म्हणतात, आणि मी सांगतो: वेरिबीची शेड, रिव्हेट, म्हातारी माणसं, शिफारसपत्र. ऐकणाऱ्याला वाटतं, गडी मेहनती आणि नशीबवान. ते खोटं नाही. पण त्या गोष्टीत लोखंडाची एक चौकट आहे, ती मी दर वेळी गाळत आलो. बायकोलाही लग्नानंतर बरीच वर्षं सांगितली नव्हती. मुळात मी फार बोलणाऱ्यातला नाही, आणि न बोलण्याची एक सोय असते: लोक त्याला नम्रपणा समजतात.

विद्यार्थ्यांचा पूर आला होता ते दिवस. दोन हजार सात-आठ साल. वेरिबीत तीन खोल्यांच्या घरात आम्ही सहा जण राहायचो. कुणी अकाउंटिंग करत होता, कुणी कुकरी, आणि एक कोल्हापूरचा बी.कॉम. झालेला मुलगा हेअरड्रेसिंग शिकत होता, कारण तेव्हा त्याने पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लवकर मिळायचा. तो आमच्यावर प्रॅक्टिस करायचा. त्या वर्षीचे माझे सगळे फोटो त्याची साक्ष देतात. मी पुण्याहून मेकॅनिकल करून मास्टर्सला आलो होतो. बुधवार सोडून आठवडाभर युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, आणि शनिवार-रविवार नट-बोल्ट विकणाऱ्या एका दुकानात काउंटरवर शिफ्ट.

एका शनिवारी सकाळी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. अंगात निळी ओव्हरऑल, तळहातावर गंजलेला एक रिव्हेट. माझ्यासोबतच्या मुलाने त्यांच्यापुढे पॉप रिव्हेटचं खोकं ठेवलं.

"हे पत्र्याच्या डब्याला," ते म्हणाले. "मला असा हवाय."

"स्नॅप हेड," मी म्हणालो. "लाल तापवून ठोकायचा. आमच्याकडे नाही, पण मागवता येईल."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू ठोकलायस कधी?"

"नाही. परीक्षेत काढलेत. एकेरी सांधा, दुहेरी सांधा, बॉयलरचा सांधा."

"परीक्षेत? कुठल्या शतकात?"

"तीन-चार वर्षांपूर्वी. पुण्यात."

ते इतके हसले की त्यांना काउंटर धरावं लागलं. "मेट," डोळे पुसत ते म्हणाले, "बुधवारी काय करतोस तू?"

आमच्या जुनाट सिलॅबसला आम्ही कॉलेजात किती शिव्या घातल्या होत्या. जग वेल्डिंग करतंय आणि आपण अजून रिव्हेट काढतोय, म्हणून. त्या सिलॅबसने मला त्या दिवशी एक दार उघडून दिलं.

मी त्यांना तोंडाने नावाने हाक मारायचो, कारण तिथे तसंच. मनात मात्र पहिल्या दिवसापासून काका. चाळीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. वेरिबीच्या बाहेर, कोबीच्या शेतांपलीकडे एक मोठी पत्र्याची शेड होती, तिथे दर बुधवारी त्यांच्यासारखे सात-आठ निवृत्त लोक जमायचे आणि एक रणगाडा बांधायचे. आपण चित्रात पाहतो तसला, वर फिरणारी तोफ असलेला नव्हे. पहिल्या महायुद्धातला, जगातला पहिला. बाजूने पाहिला तर सरळ शंकरपाळं. साखळपट्टा पूर्ण अंगावरून वरून खाली फिरतो, तोफा दोन्ही कुशींना, स्प्रिंग एकही नाही. त्याची ही प्रतिकृती: बाहेरून पोलादी, हलणारी, इंजिनावर चालणारी. शत्रूवर नव्हे तर बघ्यांपुढे चालवायची. कुठल्याशा संग्रहालयात उरलेल्या गाड्यावरून घेतलेली मापं आणि जुने फोटो, एवढ्या भांडवलावर.

घरी सांगितलं तर कोल्हापूरकराने हातातली कात्री खाली ठेवली. "भावा, हितं लोक पीआरसाठी न्हावी झाले आणि तू रणगाडा बांधाय निघालास? पोलिसांनी विचारलं तर काय सांगशील, प्रोजेक्ट हाय म्हणून?"

दुसरा म्हणाला, "याला पकडतील आणि आपलं घराचं बॉण्ड जाईल, सगळं डिपॉझिट."

पण मी गेलो, आणि जात राहिलो. खरं सांगायचं तर पहिले काही बुधवार जेवणासाठी गेलो. काकांची बायको, माझ्या मनातल्या काकू, शेडवर सगळ्यांसाठी जेवण आणायच्या: भोपळ्याचे स्कोन, मटणाचं सूप, आणि मी मिरची शोधतोय हे लक्षात आल्यावर बाटलीभर तिखट सॉस. मला हिवाळ्याचा कोट नव्हता. तिसऱ्या बुधवारी काकांच्या गाडीच्या मागच्या सीटवर एक कोट पडलेला होता. "हा कुणाचा तरी राहिलाय बहुतेक," काकू म्हणाल्या. "बघ बसतोय का." तो नवा होता. बाहीच्या आत किमतीची चिठ्ठी दोरीसकट तशीच होती, आणि ती मला दिसली हे त्यांना दिसलं.

काकांनी मला गाडी शिकवली. स्वतःच्या गाडीवर, शेतांमधल्या सरळ रस्त्यांवर. मी घाबरून ब्रेक दाबला की म्हणायचे, "आपल्या रणगाड्याला चार जण लागायचे नुसतं वळायला. तू एकटा आहेस. त्या मानाने बरं चाललंय." ते खरंच होतं. त्या पहिल्या गाड्यात आठ माणसं आणि मधोमध उघडं इंजिन. ड्रायव्हर पुढे, त्याच्या शेजारी कमांडर ब्रेक सांभाळणार, आणि मागे दोन्ही बाजूंचे गिअर बदलायला दोन वेगळी माणसं. आवाज एवढा की हाक ऐकू जायची नाही. हाताने खुणा करायच्या किंवा लोखंडावर ठोकायचं.

स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीला, ते असल्या गोष्टी सांगायचे. शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात हा प्रकार जन्माला आला, दोन माणसांनी हॉटेलच्या खोलीत बसून तो कागदावर आणला, आधीचे पट्टे खंदक ओलांडताना निखळून लोंबायचे म्हणून पट्टाच नव्याने घडवला. कामगारांना सांगितलं होतं की आपण पाण्याच्या टाक्या बनवतोय, म्हणून नाव पडलं टँक. आपण रणगाडा म्हणतो, त्यामुळे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि एक गोष्ट ते दर दोन-तीन आठवड्यांनी सांगायचे, जणू पहिल्यांदाच: युद्धाच्या दोन वर्षं आधी इथल्याच एका इंजिनिअरने अशा वाहनाचे आराखडे लंडनला पाठवले होते. तिथे कुणी ते फाईलला लावले आणि विसरले. युद्ध संपल्यावर उघडून पाहिले तर निघालं, याचं डिझाइन बनवलेल्या गाड्यापेक्षा चांगलं होतं.

"नुसता कागद असून भागत नाही," काका म्हणायचे. "कागद वाचणारा लागतो."

कागद काढणारा मी झालो. शेडमधल्या कुणालाही कॉम्प्युटरवरची ड्रॉइंग आवडायची नाहीत, आणि मला हाताने काढता यायचं. मापांच्या वहीवरून मी पेन्सिलीने मोठ्या शीटवर भाग काढून द्यायचो, त्या भिंतीला टाचणीने लागायच्या. सगळ्यांचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त इंजिनिअर, मितभाषी आणि काटेकोर. ते एकदा शीटसमोर थांबून म्हणाले, "असं लेटरिंग मी तीस वर्षांत पाहिलं नाही." मी आठवडाभर हवेत होतो. घरी कधीमधी फोन करून आईला सांगावं अशी बातमी त्या काळात दुसरी नसायची.

आता ती चौकट. इंजिनामागे गिअरपेटी बसते, तिच्याखालची जाड प्लेटची बैठक. एका अंगाला ओठ वळवलेला, एका कोपऱ्यात शाफ्टसाठी खाच. डाव्या-उजव्या हातमोज्यासारखी, उलटी झाली तर कशीही फिरवली तरी बसणार नाही. तिची शीट मी काढली. युनिच्या परीक्षा तोंडावर होत्या, ट्रेनमध्ये मांडीवर फळी घेऊन कच्चं काम केलं आणि एका दुपारी उतरवून दिली.

कागदावर वस्तूच्या बाजू कुठे काढायच्या याची पद्धत असते. समोर एक पेटी आहे समजा. आपल्याकडे शिकवतात: ती उजवीकडून पाहा, आणि दिसेल ते समोरच्या चित्राच्या डावीकडे काढा. ऑस्ट्रेलियात उलट: उजवीकडून पाहिलं ते उजवीकडेच. दोन्ही बरोबर, फक्त वाचणाऱ्याला कुठली ते माहीत हवं. त्यासाठी शीटच्या कोपऱ्यात एक छोटी खूण काढतात. मला हे ठाऊक होतं. तोवरच्या सगळ्या शीट मी तिथल्या पद्धतीने काढल्या होत्या. पण हात घाईत असला की पहिल्या शाळेकडे वळतो. ती शीट मी पुण्याच्या पद्धतीने काढली, आणि खूण काढली नाही. आमच्या कॉलेजात सगळ्यांचीच एक पद्धत, तेव्हा खूण कोण काढतंय.

प्लेटवर रेघा मारायचं काम, ज्याला वर्कशॉपमध्ये मार्किंग म्हणतात, ते काकांचं. निळा रंग फासून त्यावर टोकदार सुईने रेषा ओढायच्या, पंचाने ठिपके मारायचे. शेडमध्ये त्यांच्याइतका हात कुणाचा नव्हता. त्यांनी माझी शीट आपल्या पद्धतीने वाचली आणि मार्किंग केलं. नियम असा होता की कापण्याआधी दुसऱ्या माणसाने शीटशी ताडून पाहायचं आणि दोघांनी खडूने प्लेटवर आद्याक्षरं लिहायची. दुसरी आद्याक्षरं सेक्रेटरींची होती. मग प्लेट कापली, वाकवली, भोकं पाडली, रिव्हेट तापवून ठोकले. कित्येक बुधवार गेले त्यात.

बसवायला नेली तर खाच भलत्या बाजूला.

सगळे गाड्याभोवती उभे राहिले. कुणीतरी ती फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली. मी भिंतीवरच्या शीटकडे बघितलं आणि एका क्षणात मला सगळं कळलं.  तोंड उघडलंही होतं.

मी बोलायच्या आतच काका म्हणाले, "मी उलटं वाचलं."

 त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. बहात्तरीचे होते. सगळ्यांना ते पटण्यासारखं वाटलं, आणि ते पटणं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. सेक्रेटरी नुसते जमिनीकडे बघत होते.

मी का बोललो नाही? त्याच आठवड्यात सेक्रेटरी माझ्यासाठी त्यांच्या ओळखीच्या एका फर्ममध्ये पत्र लिहिणार होते. ड्राफ्टिंगची नोकरी. व्हिसाचे महिने संपत आले होते. घरून फोन आला की वडील पहिला प्रश्न नोकरीचा विचारायचे आणि दुसरा विचारायचेच नाहीत. ही कारणं खरी आहेत. ती देऊन झाली की जे उरतं ते हे: मी भ्यालो, आणि माझ्याऐवजी दुसऱ्याने चूक पत्करली तेव्हा मला हलकं वाटलं.

एवढंच असतं तर मी कदाचित हे कधीतरी जेवणाच्या टेबलावर सांगितलंही असतं. पण एवढंच नव्हतं. शेडची एक किल्ली माझ्याकडे असायची. काकांनीच दिली होती, मला लवकर येऊन काढता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड रिकामी असताना मी गेलो. तीच शीट तिथल्या पद्धतीने पुन्हा काढली. कोपऱ्यात खूण काढली. कागद नवा दिसू नये म्हणून बाकाखालच्या धुळीत हात घासून ते त्यावरून फिरवले. मग जुनी उतरवून नवी त्याच टाचणीच्या भोकांना लावली, आणि जुनीचे तुकडे करून स्टेशनवरच्या कचऱ्यात टाकले.

पुढच्या बुधवारी काका भिंग घेऊन त्या शीटसमोर उभे राहिले. बराच वेळ. बोटाने समोरची बाजू, मग उजवी बाजू, मग पुन्हा समोरची. नंतर त्यांनी आपली सुई, पंच, निळ्या रंगाची बाटली कपाटात ठेवली आणि झाडू घेतला. त्यानंतर त्यांनी मार्किंग केलं नाही. चहा करायचे, झाडायचे, भेट द्यायला आलेल्या शाळांना गाड्याची गोष्ट सांगायचे. दोन महिन्यांनी त्यांनी लायसन्स परत केलं. काकूंना गाडी येत नव्हती. "कागदावरचं डावं-उजवं कळेना," ते मला म्हणाले, "तर रस्त्यावरचं काय कळणार? कुणाचं पोर उडवण्यापेक्षा हे बरं."

मला पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं की या तरुणाची ड्रॉइंग तपासावी लागत नाहीत. नोकरी मिळाली, मग पीआर, मग लग्न. सेकंडहँड गाडी घेतली आणि दर शनिवारी काका-काकूंना बाजाराला न्यायला लागलो. शेजारी म्हणायचे, असा मुलगा भाग्याने मिळतो. काकू दर वेळी म्हणायच्या, "थँक्यू, लव्ह." ते थँक्यू घ्यायचं म्हणजे काय असायचं, ते लिहिता येत नाही. तरी मी जात राहिलो. त्यात प्रायश्चित्त किती आणि प्रेम किती हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता थोडं कळतं: प्रेम जास्त होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात मला घरच्यासारखं वाटायचं.

मग दूर उत्तरेला टूवूंबाला बदली झाली, आणि खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. सहा वर्षं तिकडे होतो. दिवाळीला, ख्रिसमसला फोन. परत येऊन पॉइंट कुकला घर घेतलं तेव्हा काका पंच्याऐंशीचे होते. मी पुन्हा शनिवार सुरू केले.

पुढच्या वर्षी त्यांना डोळे तपासायला नेलं. आत मीही बसलो होतो. डॉक्टर तरुण बाई होत्या, पंजाबी असाव्यात. तक्ते वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या वयाला इतकी चांगली नजर मी फारशी पाहत नाही. गाडी चालवता?"

"चौदा वर्षांपूर्वी सोडली."

"का बरं?"

"एक ड्रॉइंग उलटं वाचलं," काका म्हणाले.

डॉक्टरांना काही कळलं नाही, त्या हसल्या. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. वाचता येत नव्हतं.

घरी आलो. काकूंनी किटली ठेवली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, क्रमाने, शीटपासून स्टेशनवरच्या कचऱ्यापर्यंत. माझं इंग्लिश त्या दिवशी पहिल्या वर्षाचं झालं होतं. सांगून झालं तेव्हा किटलीचा आवाज थांबला होता.

काकांनी टेबलावर जागा मोकळी केली. मग म्हणाले, "कागद आण."

मी पाकिटाच्या मागे दोन्ही पद्धतींनी ती चौकट काढून दाखवली. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि पहिल्या चित्रावर टेकवली. "हे होतं भिंतीवर?"

"हो."

"मग मी वाचलं ते बरोबर वाचलं."

"हो. तुम्ही बरोबर वाचलंत."

त्यांनी पेन्सिल ठेवली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला वाटलं चिडले. ते हातांआडूनच बोलले. "माझ्या वडिलांना शेवटी चमचा कुठला आणि काटा कुठला ते कळायचं नाही. सुरुवात अशीच झाली होती, डाव्या-उजव्यापासून. त्या दिवशी मला वाटलं, लागला आपला नंबर. चौदा वर्षं रोज सकाळी उठून मी बघतोय, आज काय विसरलो."

मला वाटत होतं की मी त्यांची सुई आणि गाडी घेतली. मी काय घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं.

काकू मात्र चिडल्या. "कोलॅकला माझी बहीण होती," त्या म्हणाल्या. "महिन्यातून दोनदा जायचो आम्ही गाडीने. नंतर ट्रेन, गाडी बदलायची, थंडीत थांबायचं. मग जाणंच कमी झालं. ती गेली तेव्हा मी ट्रेन बदलायला जिलाँगच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. आणि तू मला शनिवारी बटाटे आणायला नेत होतास!"

"हो," मी म्हणालो.

"हो काय हो!" त्या अंगणात गेल्या आणि ओले कपडेच दोरीवरून काढायला लागल्या. काका खिडकीतून बघत म्हणाले, "तिला काढू दे. सगळे काढून झाले की येईल." आल्या. दोन कप चहा ओतला. मग तिसरा कप आपटून माझ्यापुढे ठेवला, साखर न घालता. मी तो प्यालो. आजवर प्यालेला सगळ्यात चांगला चहा होता असं म्हणणार नाही, पण तो मिळाला याचं मोल मला माहीत आहे.

निघताना काका म्हणाले, "मला सांगितलंस ते ठीक. बुधवारी मला शेडला ने आणि तिथे सांग. स्मोकोला, सगळे असताना."

"सांगतो."

"मराठीत नको," ते म्हणाले. मी घरी फोनवर बोलायचो ती मराठी त्यांनी इतक्या वर्षांत पुष्कळ ऐकली होती.

बुधवारी काकूही आल्या. म्हणाल्या, मला ऐकायचंय. शेडमध्ये रणगाडा केव्हाच उभा राहिला होता, रंगसुद्धा झाला होता. आता दुसऱ्या कुठल्या वाहनाचं काम चाललं होतं. जुन्यांपैकी चौघं उरलेले. सेक्रेटरींनी ते पद सोडलं होतं, पण यायचे. कप हातात असताना मी उभा राहिलो आणि सांगितलं. मध्ये काका दुरुस्त्या करत होते. "निळा रंग नव्हता तेव्हा, संपला होता, जांभळा होता." मी म्हणालो, जांभळा. शीट बदलली ते सांगताना माझी जीभ अडखळली तर ते म्हणाले, "धूळ फासलीस ते सांग." मी धूळ फासली ते सांगितलं.

 मग सेक्रेटरींनी कप खाली ठेवला.

"मी ताडून पाहिलं होतं," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, काकांशी. "मला पक्कं आठवत होतं की जुळलं. मग शीट बघितली तर जुळेना. मला वाटलं, मी न बघताच सही केली असणार. आणि मी गप्प बसलो. खडूची माझी अक्षरं मी त्याच दिवशी पुसली. दोष तू एकट्याने घेतलास, मी घेऊ दिला."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तूही बरोबर होतास, बावळटा?"

"दिसतंय तसं."

"आणि चौदा वर्षं मला तुझ्यासाठी चहा करायला लावलंस?"

"वाईट करायचास चहा," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. काकूंनी त्यांच्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला, माझ्यापुढेही सरकवला. हसू आधी कुणाचं फुटलं आठवत नाही. नंतर सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते पत्र मी आज लिहिलं नसतं." मी म्हणालो, बरोबर आहे. ते म्हणाले, "पण लिहिलं त्याचं वाईटही वाटत नाही. ते तुझं तू ठेव." ते मी ठेवलंय. हलकं नाही.

त्याच दुपारी काकांना कुणीतरी मार्किंगचं सामान काढून दिलं. त्यांनी प्लेटवर पट्टी धरली, सुई ओढली. रेष थरथरत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. हात आता शहाऐंशीचा होता. चौदा वर्षांपूर्वी तो तसा नव्हता, आणि ती मधली वर्षं कबुलीने परत येत नाहीत; हे मी तिथे उभं राहून पाहिलं, पाहायलाच हवं होतं. काका सुईकडे बघून म्हणाले, "डोळे आहेत, हात गेला. मी भलत्याच गोष्टीची काळजी करत बसलो." मग त्यांनी सुई शेजारच्या माणसाला दिली आणि स्वतः शीट वाचायला घेतली.

तेव्हापासून तपासायचं काम त्यांचं. प्लेट कापण्याआधीची दुसरी आद्याक्षरं त्यांची. मी दर बुधवारी रजेचा अर्धा दिवस टाकून त्यांना घेऊन जातो, आणि महिन्यातून एकदा काकूंना कोलॅकला, बहिणीच्या मुलीकडे. काकू आता पुन्हा साखर घालतात. कधीकधी विसरतात, आणि विसरल्या की मुद्दाम विसरल्या हे मला कळावं अशी व्यवस्था करतात. मी या माणसांचा किती आणि कशाकशासाठी ऋणी आहे ते मांडायला बसलो तर हे सगळं पुन्हा लिहावं लागेल. एकच सांगतो. त्यांनी मला माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांनी मला कामावर ठेवलं.

माझी शीट असली की काका ती दोनदा तपासतात. गेल्या बुधवारी एका भोकाचं माप चुकलं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हे कुणी काढलंय?"

"मी," मी म्हणालो. "माझी चूक."

कुणी मान वर करून पाहिलं नाही. मी माप खोडलं, बरोबर लिहिलं, काकांनी सही केली, आणि पलीकडे ड्रिल सुरू झालं.